दुपारी गळाला मासा का लागत नाही?

प्रश्न : भातसानगरला नदीवर पिसांची बनावट माशी लावून गळ टाकतो. उन्हाळा लागल्यापासून दुपारी काहीच लागत नाही. इथे ट्राउट मिळेल का?

उत्तर : ट्राउट नाही, त्याला हिमाचल-काश्मीरसारखं थंड पाणी लागतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे दुपारी खोल डोहात बसतात. तुम्ही मरळीच्या मागे लागा. ती वर येऊन हवा घेते, म्हणून उन्हाळ्यातही तग धरते. पहाटे गवताच्या कडेला पाणी हललं की हातभर पुढे माशी अलगद टाका. थांबा, मग हलकेच ओढा. धरणाच्या पाण्यात मात्र आधी परवानगी विचारा. आणि मरळीच्या तांबूस पिल्लांचा थवा दिसला तर कृपा करून गळ गुंडाळा. आईबाप खालीच राखण करत असतात.