कोलंबियाचा विद्यार्थी

उन्हाळ्याची दीर्घ सुटी संपत आली, की अमेरिकेतील विद्यापीठे पुन्हा जागी होतात. ओस पडलेली वसतिगृहे गजबजू लागतात. पेट्या आणि पुस्तकांचे गठ्ठे घेऊन विद्यार्थी गावोगावाहून येतात. कोणी खोली शोधतो, कोणी फी भरण्यासाठी रांगेत उभा राहतो, तर कोणी व्याख्यानांचे वेळापत्रक उतरवून घेतो. शिशिराची चाहूल लागण्यापूर्वीचे हे दिवस मोठे उत्साहाचे असतात. कारण नवे सत्र सुरू होत असते.

या सत्राला तिकडे ‘सेमिस्टर’ म्हणतात. मूळ लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘सहा महिन्यांचे’ असा आहे. वर्षाचे दोन भाग पाडावयाचे, प्रत्येक भागात ठराविक विषय शिकावयाचे, त्यांची परीक्षा द्यावयाची आणि पुढच्या भागात नवे विषय घ्यावयाचे, अशी ही पद्धत आहे. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही वर्षाची अशी दोन सत्रे असतात. परंतु १९१३ साली येथील विद्यार्थ्याला ती अपरिचित होती.

त्याच वर्षी जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहरी एक बावीस वर्षांचा महाराष्ट्रीय तरुण येऊन दाखल झाला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन काही महिनेच लोटले होते. फेब्रुवारीत वडिलांचे निधन झाले होते. परळच्या चाळीत पत्नी रमाबाई आणि वर्षाचाही न झालेला यशवंत यांना मागे ठेवून ते सातासमुद्रापलीकडे आले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती. दरमहा साडेअकरा पौंड. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावी, असा करार त्यांनी लिहून दिला होता.

कोलंबिया विद्यापीठ शहराच्या उंच भागात, मॉर्निंगसाइड हाइट्स नावाच्या टेकाडावर वसलेले आहे. पश्चिमेला थोड्याच अंतरावर हडसन नदीचे विस्तीर्ण पात्र आहे. विद्यापीठाच्या आवाराच्या मध्यभागी रुंद दगडी पायऱ्या चढून गेले, की भव्य खांबांची आणि घुमटाची एक इमारत समोर येते. तेच त्या काळचे विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय, लो लायब्ररी. नव्या विद्यार्थ्याची दृष्टी प्रथम त्या पायऱ्यांवर खिळावी, यात नवल नाही.

भीमराव आरंभी हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात उतरले. परंतु तेथील भोजन त्यांना रुचेना. आठवडाभरातच त्यांनी ती जागा सोडली आणि कॉस्मोपॉलिटन क्लब येथे बिऱ्हाड हलविले. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे एकत्र राहत. त्यांत काही भारतीयही होते. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहावयास गेले. तेथे नवल भथेना नावाचा एक पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला. एका छपराखाली जडलेला हा स्नेह आयुष्यभर टिकला. १९२० साली लंडनला जाऊन अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी भीमरावांना पैशाची निकड पडली, तेव्हा याच मित्राने त्यांना रक्कम उसनी दिली.

परक्या देशात खोली मिळाली, सोबती मिळाला, जेवणाची सोय झाली, एवढ्याने इतर कोणा विद्यार्थ्याला फारसे काही वाटले नसते. भीमरावांची गोष्ट निराळी होती. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांच्या शेजारी बसण्याची मुभा नव्हती. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ते एका बाजूला बसत आणि शाळा सुटल्यावर तो तुकडा बरोबर घेऊन जात. तहान लागली, तरी पाण्याच्या नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला, तरच पाणी मिळे. शिपाई नसला, तर दिवसभर तहान सोसावी लागे. ज्या जातीत त्यांचा जन्म झाला, तिला त्या काळी समाजाने अस्पृश्य मानले होते.

आणि येथे? येथे भोजनगृहातील मेजावर कोणीही कोणाच्याही शेजारी बसत होता. पाण्याचा पेला उचलताना कोणी कोणाची जात विचारीत नव्हता. वर्गातील बाकावर, ग्रंथालयातील खुर्चीवर, क्रीडांगणावर त्यांचा अधिकार इतरांच्या इतकाच होता. समतेविषयी त्यांनी पुस्तकांत वाचले असेल. परंतु रोजच्या व्यवहारात ती कशी असते, याचा अनुभव त्यांना येथे आला. अमेरिकेत पोहोचून थोडेच दिवस झाले असतील, तोच ऑगस्टमध्ये त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहिले. मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिक्षण दिले, तर आपल्या समाजाची प्रगती अधिक वेगाने होईल, असा विचार त्यांनी त्या पत्रात मांडला आहे. स्वतःच्या डोळ्यांपुढे नवे जग उघडताच त्यांना मागे राहिलेल्यांची आठवण झाली.

तथापि, स्वातंत्र्याचा पहिला वारा कोणालाही थोडा भुलवितोच. तरुण वय, मोकळे वातावरण, नवे मित्र आणि न्यूयॉर्कसारखे झगमगते नगर! आरंभीचे काही महिने भीमरावांचे मन अभ्यासात पुरते लागले नाही. मित्रांबरोबर बॅडमिंटन खेळावे, बर्फावर घसरत जाण्याची मौज लुटावी, नाटक पाहावे, गप्पांत रात्र जागवावी, असा क्रम चालू होता. त्यात वाईट असे काही नव्हते. पण दिवस मात्र हातातून निसटत होते.

एके रात्री ते उशिरा आपल्या खोलीवर परतले. अंथरुणावर पडले, पण झोप येईना. घरची माणसे डोळ्यांपुढे उभी राहिली. आपण हजारो मैल दूर आलो, ते कशासाठी? घरचे लोक हालअपेष्टा सोशीत आहेत, ते कोणाच्या भरवशावर? आपल्या आधी आपल्या समाजातील किती जणांना अशी संधी लाभली? या प्रश्नांनी त्यांना अस्वस्थ केले. ती रात्र त्यांच्या विद्यार्थिजीवनाला वळण देणारी ठरली. यापुढे एक क्षणही वाया घालवावयाचा नाही, असा निश्चय त्यांनी केला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

निश्चय पुष्कळ जण करतात. तो पाळणे कठीण असते. भीमरावांनी तो पाळला. दिवसाचे अठरा तास ते अभ्यासात घालवू लागले. व्याख्यानांचा वेळ सोडला, तर त्यांचा मुक्काम ग्रंथालयात असे. शिष्यवृत्तीच्या रकमेतून घरी रमाबाईंना पैसे पाठवावे लागत; म्हणून ते स्वतःचा खर्च कसोशीने आवरीत. एक पेला कॉफी, मफिन नावाचे दोन लहान पाव आणि मांसाचा किंवा मासळीचा एखादा पदार्थ, एवढ्यावर त्यांचे जेवण होई. नाटक-तमाशे सुटले. शौक उरला तो एकच, पुस्तकांचा. जुनी पुस्तके विकणाऱ्यांच्या दुकानांतून ते हिंडत आणि पोटाला चिमटा घेऊन वाचविलेले पैसे तेथे खर्च करीत. तीन वर्षांत त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले.

प्रत्येक नव्या सत्रारंभी विद्यार्थ्याने आपले विषय निवडावयाचे असतात. पदवीसाठी लागतील तेवढेच विषय घेऊन स्वस्थ बसण्यास कोणाची हरकत नव्हती. परंतु भीमरावांची ज्ञानाची भूक मोठी होती. त्यांनी तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक, असे एकूण ६० अभ्यासक्रम घेतले. एका शास्त्राचा धागा दुसऱ्या शास्त्रात कोठे गुंतला आहे, हे शोधण्याची दृष्टी त्यांना यातून लाभली. समाजातील दारिद्र्य केवळ अर्थशास्त्राने कळत नाही; त्याच्या मुळाशी इतिहास असतो, रूढी असतात आणि माणसांचे परस्परसंबंधही असतात.

गुरूही त्यांना थोर लाभले. जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ आणि एडविन सेलिग्मन हे अर्थशास्त्रज्ञ त्या वेळी तेथे शिकवीत असत. संशोधन नेमके कोणत्या पद्धतीने करावे, असे भीमरावांनी एकदा सेलिग्मन यांना विचारले. काम मनापासून करीत राहा, म्हणजे तुमची पद्धत तुम्हांलाच सापडेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. शिष्याने ते मनात जपून ठेवले.

याच काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कला आले होते. परदेशातील भारतीय विद्यार्थ्यांना राष्ट्रकार्यात ओढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. भीमरावांशीही त्यांचे बोलणे झाले. देशाविषयीची तळमळ भीमरावांच्या ठायी कमी नव्हती. तरीही ज्या अभ्यासासाठी आपण आलो, तो आधी पुरा करावा, असेच त्यांनी ठरविले. सुखोपभोगाचा मोह टाळणे एक वेळ सोपे असते. चांगल्या कार्याची हाक आली असताही हातचे काम अर्धवट न सोडणे, याला अधिक विवेक लागतो.

या परिश्रमाचे फळ लवकरच दिसू लागले. जून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या रूढीने त्यांना शाळेत गोणपाटावर बसविले होते, तिची उत्पत्ती आणि रचना ते आता विद्वानांच्या सभेत शास्त्रीय रीतीने उलगडून दाखवीत होते. संतापाला अभ्यासाची जोड मिळाली, की तो किती समर्थ होतो, याचे हे उदाहरण होय. जून १९१६ मध्ये त्यांनी पुढील शिक्षणासाठी न्यूयॉर्क सोडून लंडनची वाट धरली. कोलंबियाची पीएच. डी. ही पदवी त्यांना १९२७ साली रीतसर प्रदान झाली.

पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. कोलंबिया विद्यापीठही आपल्या या विद्यार्थ्याला विसरले नाही. १९५२ साली जून महिन्यात त्यांना सन्मानपूर्वक बोलावून विद्यापीठाने ‘डॉक्टर ऑफ लॉज’ ही पदवी अर्पण केली. एकोणचाळीस वर्षांपूर्वी अनोळखी तरुण म्हणून ज्या आवारात त्यांनी पाऊल टाकले होते, त्याच आवारात ते आता एका राष्ट्राचे घटनाशिल्पी म्हणून उभे होते.

आजही दरवर्षी मॉर्निंगसाइडच्या त्या दगडी पायऱ्यांवर नव्या सत्राची गर्दी होते. नवी वही, नवी खोली आणि नवे मित्र प्रत्येकालाच मिळतात. सत्राचे महिनेही सर्वांना सारखेच असतात. त्या महिन्यांचे काय करावयाचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. बहुधा ते एखाद्या रात्री, कोणी पाहत नसताना, एकट्यानेच ठरवावे लागते.

स्वाध्याय

१. ‘सेमिस्टर’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? ही पद्धत कशी असते?
२. साताऱ्याच्या शाळेतील आणि कोलंबिया विद्यापीठातील भीमरावांच्या अनुभवांत कोणता फरक होता?
३. भीमरावांना कोणत्या विचारांमुळे झोप आली नाही? त्यानंतर त्यांच्या दिनक्रमात कोणते बदल झाले?
४. भीमरावांनी पदवीपुरतेच विषय का घेतले नसावेत?
५. ‘संतापाला अभ्यासाची जोड मिळाली, की तो समर्थ होतो’ या विधानाचा अर्थ पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पोटाला चिमटा घेणे, हालअपेष्टा सोसणे, चाहूल लागणे.