रेल्वेचे एकीकरण आणि व्यापाऱ्यांचा माल

माल रवाना करताना रूळ कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आज आमच्या व्यापारी बंधूंच्या मनातही येत नाही. पूर्वीची स्थिती निराळी होती. मुंबईस जी. आय. पी. व बी. बी. सी. आय. या विलायती कंपन्या, बेळगावास मद्रास अँड सदर्न मराठा, हैदराबादेस निजामाची रेल्वे, ग्वाल्हेरीस शिंद्यांची, डभोईच्या बाजूस गायकवाडांची. इंदूर-खंडवा मार्गासाठी तर दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते.

जुन्या कंपन्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती. तूट आली तर ती रयतेच्या करांतून भरावयाची! अशा हमीवर काटकसर कोण करील, हे जमाखर्च जाणणाऱ्यांस सांगणे नको. 1925 साली जी. आय. पी., 1942 साली बी. बी. सी. आय. व 1944 साली सदर्न मराठा सरकारी व्यवस्थेखाली आली. संस्थानी रेल्वे 1950 पर्यंत केंद्राकडे गेल्या. नंतर 14 एप्रिल 1951 रोजी दक्षिण, आणि 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य व पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या. मुरगावची रेल्वे मात्र 1961 साली गोवा मुक्त होईपर्यंत मालकीने बाहेरच राहिली.

यात व्यापाऱ्यास लाभ कोणता? आमच्या मते मुख्य लाभ भाड्याचा. अंतर वाढेल तसतसे दर मैली भाडे उतरत जाते. परंतु पूर्वी प्रत्येक रेल्वे आपल्या रुळापुरतेच अंतर मोजी; जंक्शनवर रेल्वे बदलली की पुन्हा पहिल्या मैलापासून चढा दर. 1948 च्या नव्या दरपद्धतीने सलग अंतर धरण्यास आरंभ झाला. शिवाय गाठ हरवली तर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवीत, तो मार्गही बंद झाला.

तथापि मालक एक झाला तरी रूळ एक झाले नाहीत. इंदुराहून मुंबईस निघालेल्या कापसाच्या गाठी खंडव्यास मीटर गेजच्या वाघिणीतून उतरवून ब्रॉड गेजच्या वाघिणीत भराव्या लागतच. हमाली, खोळंबा, आकड्यांनी फाटलेले बारदान हे सारे शेवटी मालधन्याच्याच खाती! बेळगावच्या मालाची पुण्यास हीच गत होई. पुणे-मिरज मार्ग 1971 साली रुंद झाला. बेळगावास रुंद रूळ पोहोचण्यास त्या शतकाचे अखेरचे दशक उजाडले. आणि होळकरांच्या पैशाने बांधलेल्या इंदूर-खंडवा मार्गाचे रुंदीकरण ते शतक संपले तरी पुरे झाले नव्हते.