कम्युनिटी कॉलेजातून पदार्थविज्ञानाच्या पदवीकडे : तयारी पहिल्या सत्रापासून

मी कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. पदार्थविज्ञानावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आईवडिलांसह कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याचे एक वर्ष केवळ माहितीअभावी गेले. तसे इतरांचे होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. कॅलिफोर्नियात १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्याने तेथून विद्यापीठात जाण्याची वाट पक्की केली. पहिली दोन वर्षे कॉलेजात, पुढची दोन विद्यापीठात. पदवी मात्र विद्यापीठाचीच. राज्यातील रहिवाशाला कॉलेजची फी प्रति युनिट ४६ डॉलर पडते. बाहेरून आलेल्यास ती कितीतरी जास्त असते. बेताच्या मिळकतीच्या घरातील मुलांना ही वाट मोठा आधार आहे.

भाच्याने काय केले? इतिहास, इंग्रजी असे सोपे वाटणारे विषय आधी संपवले आणि गणित "नंतर पाहू" म्हणून मागे ठेवले. चूक झाली ती येथेच. बँकेत रोजकीर्द लिहिल्याशिवाय खतावणी होत नाही. तसेच पदार्थविज्ञानाचे विषय एकामागून एक, साखळीनेच घ्यावे लागतात. ती साखळी साधारणपणे अशी :

पहिले सत्र – कॅल्क्युलसचा पहिला भाग.
दुसरे सत्र – कॅल्क्युलसचा दुसरा भाग व यांत्रिकी.
तिसरे सत्र – कॅल्क्युलसचा तिसरा भाग, विद्युत व चुंबकत्व.
चौथे सत्र – लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स. तसेच उष्णता, तरंग, प्रकाश व आधुनिक पदार्थविज्ञान.

आता हिशोब करा. ज्याला त्रिकोणमिती व बीजगणिताची उजळणी करून कॅल्क्युलसकडे जायचे आहे, त्याची साखळी एक सत्र उशिरा सुरू होते. दोन वर्षांची मग अडीच-तीन वर्षे होतात. म्हणून ही उजळणी कॉलेज सुरू होण्याआधीच्या सुट्टीत करावी.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) पदार्थविज्ञानाचा पाठ्यक्रम कॅल्क्युलसवर आधारलेला व प्रयोगशाळेसह असावा. कॅल्क्युलसविना शिकवला जाणारा पाठ्यक्रमही कॉलेजात असतो. तो या पदवीसाठी चालत नाही.

(२) कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो, हे 'असिस्ट' या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. नुसत्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. सत्र सुरू होण्यापूर्वी समुपदेशकाला भेटून दोन वर्षांचा तक्ता लिहून काढावा.

(३) युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्यासाठी ६० सेमिस्टर युनिट लागतात. अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरावा लागतो. म्हणजे तिसरे सत्र चालू असतानाच अर्ज जातो आणि पहिल्या वर्षाचे गुण फार मोलाचे ठरतात.

(४) डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा व सँटा क्रूझ या सहा ठिकाणी अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाच्या हमीची योजना आहे. तिचा अर्ज सप्टेंबरातच द्यावा लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथे ही योजना नाही. प्रत्येक शाखेच्या अटी निराळ्या असतात, त्या स्वतः वाचाव्यात.

(५) नुसते सूत्र पाठ करून भागत नाही. रोज चार-पाच उदाहरणे हाताने सोडवावीत. अडले तर प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

भाचा शेवटी तीन वर्षांनी विद्यापीठात पोहोचला. बुद्धी त्याच्याकडे होतीच, क्रम मात्र चुकला होता. ज्यांच्या घरात या वाटेने आधी कोणी गेलेले नाही, त्यांना हा क्रम सांगणारे घरात कोणी नसते. म्हणून ज्याला ठाऊक आहे त्याने तो दुसऱ्याला सांगावा. समाजबांधवांनो, आपल्या नात्यातील कोणी तेथे शिकत असेल तर हे पान त्याच्यापर्यंत जरूर पोहोचवा. त्याचे एक वर्ष वाचले तरी हे लिहिल्याचे सार्थक होईल.