जरीचे भरतकाम

सुरत म्हटले की मराठी माणसास १६६४ व १६७० या सालांतील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु या शहराशी आपले आणखी एक नाते आहे, आणि ते सोन्यारुप्याच्या धाग्याचे आहे. येवल्याच्या पैठणीच्या काठपदरात सुरतेची जर विणली जाते.

अस्सल जरीचा आरंभ चांदीच्या कांबीपासून होतो. ती क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक तार काढतात. ही तार चपटी केली म्हणजे तिला बादला म्हणतात. बादला रेशमी धाग्यावर गुंडाळून त्यावर सोन्याचे पाणी चढविले की जर सिद्ध होते.

भरतकामासाठी कारागीर लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवितात. जाड जर कापडातून वारंवार आरपार ओढली, तर बादला उसवतो. म्हणून ती नक्षीच्या रेषेवर नुसती मांडतात व बारीक दोऱ्याच्या टाक्यांनी जागच्या जागी टाचतात. वेटोळी दिलेल्या पोकळ तारेस सलमा म्हणतात. तिचे तुकडे मण्यांप्रमाणे सुईत ओवून फुले-पाने भरतात. ही सारी शोभा ज्या टाक्यांवर उभी असते, ते मात्र सहसा नजरेस पडत नाहीत.

आज तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली नकली जर आणि प्लास्टिकची जर विपुल मिळते. तिला हीन लेखण्याचे कारण नाही. तिच्यामुळे सामान्य घरीही जरीकाठाची साडी येऊ शकते. परंतु अस्सल जरीवर एक निराळेच संकट असते. वस्त्र जीर्ण झाले की ते मोडीत विकले जाते आणि जाळून त्यातील चांदी काढून घेतली जाते. चांदीचे मोल तराजूत ठरते. टाके घालणाऱ्या हातांचे मोल तेथे शून्य होते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येक घरास जुने वस्त्र जपणे परवडेलच असे आम्ही म्हणत नाही. परंतु आजीचा शालू किंवा आजोबांची जरीची टोपी मोडीत जाण्यापूर्वी तिची नक्षी कागदावर उतरून घ्या. कापड उलटून मागचे टाके न्याहाळा. ते कोणत्या प्रसंगी घेतले होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवा. एवढे काम शाळकरी मुलासही साधण्याजोगे आहे.