शौचाची बैठक, आतड्यांचे आरोग्य आणि स्वच्छता धोरण

ग्रामीण स्वच्छतेचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांचे लक्ष साहजिकच आकडेवारीकडे जाते. किती शौचालये बांधली गेली, किती कुटुंबांना लाभ मिळाला, किती निधी खर्च झाला, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि, बांधलेले शौचालय घरातील प्रत्येक व्यक्तीला विनासायास वापरता येते काय, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. मनुष्य शौचास कसा बसतो, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीशी त्याचे उत्तर निगडित आहे.

शरीरक्रिया

मोठ्या आतड्याचा अखेरचा भाग म्हणजे मलाशय. मलाशय व गुदमार्ग जेथे मिळतात, तेथे 'प्युबोरेक्टॅलिस' नावाचा स्नायू मागच्या बाजूने वळसा घालून त्यांना पुढे ओढून धरतो. त्यामुळे त्या ठिकाणी एक कोन निर्माण होतो. रबरी नळीला बाक दिल्यावर पाणी अडावे, तसा हा कोन मल रोखून धरण्यास मदत करतो. शौचाच्या वेळी हा स्नायू सैल होतो व कोन रुंदावतो. मनुष्य उकिडवा बसला की मांड्या पोटाजवळ येतात, मार्ग अधिक सरळ होतो आणि कमी कुंथावे लागते. कमोडवर ताठ बसल्यास मार्ग तितका सरळ होत नाही.

संशोधनाचे निष्कर्ष

इस्रायलमधील संशोधक डोव्ह सिकिरोव्ह यांनी २००३ मध्ये २८ निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उकिडवे बसल्यास शौचास सरासरी ५१ सेकंद, कमी उंचीच्या बैठकीवर ११४ सेकंद, तर नेहमीच्या उंचीच्या बैठकीवर १३० सेकंद लागल्याचे त्यात आढळले. जपानमध्ये २०१० साली सहा व्यक्तींवर केलेल्या क्ष-किरण चाचणीत हा कोन कमोडवर बसताना सुमारे १०० अंश, तर उकिडवे बसताना १२६ अंश आढळला. अमेरिकेतील ओहायो येथील २०१९ च्या अभ्यासात ५२ व्यक्तींनी कमोडसमोर पाय ठेवण्याचे छोटे स्टूल वापरून पाहिले. त्यांपैकी ९० टक्के व्यक्तींनी कमी कुंथावे लागल्याचे, तर ७१ टक्के व्यक्तींनी शौचक्रिया लवकर उरकल्याचे नोंदविले.

हे निष्कर्ष वाचताना तारतम्य हवे. या अभ्यासांतील व्यक्तींची संख्या अल्प आहे आणि बहुतेक जण निरोगी होते. त्यांत मोजला गेला तो वेळ, कोन आणि श्रम. उकिडवे बसल्याने मूळव्याध किंवा आतड्याचा कर्करोग टळतो, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. पिढ्यान्पिढ्या उकिडवे बसणाऱ्या आपल्या देशातही बद्धकोष्ठता व मूळव्याध या सर्रास आढळणाऱ्या तक्रारी आहेत. आहारातील तंतुमय पदार्थ, पुरेसे पाणी, शारीरिक हालचाल आणि शौचाची भावना होताच जाता येणे, या बाबींचे महत्त्व बैठकीइतकेच, किंबहुना अधिक आहे.

यातील शेवटची बाब सामाजिक आहे. घरी शौचालय नसलेल्या स्त्रिया उघड्यावर जाण्यासाठी अंधार पडण्याची वाट पाहतात. त्यांची बसण्याची पद्धत शास्त्रीयदृष्ट्या योग्यच असते. परंतु दिवसभर वेग रोखून धरल्याने मल कोरडा व कठीण होतो. आडोसा नसेल, तर केवळ बैठकीचा लाभ अपुरा ठरतो.

बैठक सर्वांना सारखी नाही

भारतीय पद्धतीचे भांडे निरोगी व तरुण व्यक्तीला सोयीचे असते. त्याला पाणीही कमी लागते. ग्रामीण शौचालयांसाठी बनविलेल्या तीव्र उताराच्या भांड्यात सुमारे दीड ते दोन लिटर पाणी पुरते. पाणीटंचाईच्या गावात ही बचत मोलाची आहे.

परंतु गुडघ्यांची झीज झालेली वृद्धा, पक्षाघाताचा रुग्ण, अखेरच्या महिन्यांतील गर्भवती किंवा पायाने दिव्यांग असलेली व्यक्ती यांना उकिडवे बसणे वेदनादायक किंवा अशक्य असते. बसले तरी उठताना आधार लागतो, ओल्या जागी तोल जाण्याचा धोका असतो. अशा वेळी वृद्ध माणसे वारंवार जावे लागू नये म्हणून पाणी कमी पितात, दोन घास कमी खातात. त्यातून बद्धकोष्ठता वाढते, कुंथणे वाढते आणि त्रासाचे चक्र सुरू होते. शौचालय घरात असूनही त्यांच्यापुरते ते नसल्यासारखेच राहते.

ही संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०.३८ कोटी, तर दिव्यांग व्यक्ती सुमारे २.६८ कोटी होत्या. केरळमध्ये ज्येष्ठांचे प्रमाण १२.६ टक्के होते.

धोरणात्मक विचार

केंद्रीय ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम (१९८६), संपूर्ण स्वच्छता अभियान (१९९९), निर्मल भारत अभियान (२०१२) आणि स्वच्छ भारत अभियान (२०१४) हे या क्षेत्रातील प्रमुख टप्पे होत. स्वच्छ भारत अभियानात पात्र ग्रामीण कुटुंबास १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान देण्यात आले व पाच वर्षांत १० कोटींहून अधिक शौचालये बांधण्यात आली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मध्ये १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याचे दिसले. मत्ता निर्माण होणे आणि तिचा उपयोग होणे, यांतील हे अंतर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. शिवाय कुटुंब हे एकक धरले की कुटुंबातील वंचित व्यक्ती आकडेवारीतून निसटते.

उपाय खर्चिक नाहीत. भिंतीला घट्ट बसविलेला आडवा दांडा, खरखरीत फरशी, रुंद दार, उंबऱ्याऐवजी उतार आणि भांड्यावर ठेवण्याजोगी, मध्ये भोक असलेली खुर्ची एवढ्याने तेच शौचालय वृद्धांच्या उपयोगी पडते. त्यासाठी शोषखड्डे बदलावे लागत नाहीत. उलटपक्षी, शहरातील कमोड वापरणाऱ्या निरोगी व्यक्तीला पायांखाली छोटे स्टूल घेता येते. रेल्वेच्या डब्यांत भारतीय व पाश्चात्त्य अशी दोन्ही प्रकारची शौचालये ठेवण्यामागील तत्त्वही हेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सुगम्यतेला कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. शाळा, आरोग्य केंद्रे व ग्रामपंचायती येथील शौचालयांपासून त्याची अंमलबजावणी सुरू व्हावयास हवी.

सारांश, उकिडवी बैठक आतड्यांना अनुकूल आहे, परंतु ती प्रत्येक शरीराला पेलणारी नाही. म्हणून स्वच्छता कार्यक्रमाचे यश मोजताना बांधलेल्या शौचालयांबरोबरच, त्या घरातील सर्वांत अशक्त व्यक्ती ते स्वतःहून वापरू शकते काय, हेही विचारले गेले पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

१. शौचालयांची उपलब्धता आणि त्यांचा वापर यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ज्येष्ठ व दिव्यांग व्यक्तींच्या दृष्टीने ग्रामीण स्वच्छता कार्यक्रमात कोणत्या सुधारणा आवश्यक आहेत? चर्चा करा.