'गडी असून अडवलं का नाही?'

प्रश्न : धाकटा भाऊ २४ वर्षांचा, सिल्वासात कारखान्यात कामाला. मुकादमानं खोलीवर त्याच्यावर जबरदस्ती केली. 'शरीरानं साथ दिली, म्हणजे माझीच इच्छा असेल,' असं म्हणतो. तासन्‌तास अंघोळ करतो. वडील विचारतात, गडी असून अडवलं का नाही?

उत्तर : त्याचा पहिला गैरसमज आधी दूर करा, तोच त्याला पोखरतोय. डोळ्यात कचरा गेला की पाणी येतं. ते रडणं नसतं. तसंच भीतीतही, नुसत्या स्पर्शानं ताठरता येते, वीर्यस्खलनही होतं. ती संमती नव्हे. वडिलांना सांगा, भीतीनं धिप्पाड माणसाचेही हातपाय गोठतात. शिवाय मुकादमाच्या हातात पोरांची रोजी असते. आणि अशा जबरदस्तीमुळे कुणी समलिंगी होत नाही.

घटनेला ७२ तास झाले नसतील तर लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं तेवढ्याच मुदतीत सुरू करता येतात. उशीर झाला असला तरी तपासणी कराच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराचं कलम स्त्रीपुरतंच आहे, आणि पुरुषांवरच्या जबरदस्तीलाही लागू होणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या कलम ३७७ च्या जागी काहीच आलेलं नाही. हा मला उघड अन्याय वाटतो. तरीही मारहाण, डांबून ठेवणं, धमकी यांवर तक्रार होते. १८ च्या आतल्या मुलग्यांना मात्र २०१२ चा पॉक्सो कायदा मुलींइतकंच संरक्षण देतो.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये घालून द्या. फोन कधी करायचा, तक्रार द्यायची की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. आज रात्री 'काय झालं' हे पुन्हा विचारू नका. 'जेवलास का' एवढंच विचारा, आणि जवळ बसा.