फायबरचे धड: साहित्य निवडताना



मॉडेल विमानाच्या धडासाठी साहित्य निवडताना आधी किती नग काढायचे ते ठरवावे. एकच हवे असेल तर साच्याच्या भानगडीत पडू नये. थर्मोकोल कोरून त्यावर काचकापड आणि इपॉक्सी चढवावे आणि घट्ट झाल्यावर ॲसिटोनने आतला थर्मोकोल विरघळवून काढावा. दोन-तीन नगांना प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा पुरतो. तो जड असतो, कडा उडतात आणि ओल धरतो, म्हणून पूर्ण वाळवून चपडी लाखेचे दोन-तीन हात द्यावे लागतात. त्याहून जास्त नग हवे असतील तर जेलकोट लावलेला फायबरचाच दोन फाळ्यांचा साचा परवडतो.

ज्यावरून साचा काढायचा तो मूळ नमुना लाकडाचा किंवा थर्मोकोलचा चालतो. थर्मोकोलवर गाड्यांच्या डेंटिंगची लांबी थेट लावली तर तिच्यातले स्टायरीन थर्मोकोल खाऊन टाकते आणि नाकाच्या जागी खड्डा पडतो. आधी इपॉक्सीचा एक थर देऊन मग लांबी भरावी. नमुन्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा साच्यात आणि साच्यातून प्रत्येक धडावर उतरतो. म्हणून १००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत पाणी लावून घासावे, मेणाचे चार-पाच हात द्यावेत आणि वर साचा सुटा होण्यासाठी पीव्हीएचा पातळ थर मारावा. मेणात कंजुषी केली की साचा आणि नमुना दोन्ही हातचे जातात.

खरी निवड काचेची आणि रेझिनची. टाक्या आणि शेड करणारे कारागीर न विणलेल्या काचतंतूंची मॅट वापरतात. ती स्वस्त असते, कुठल्याही दुकानात मिळते, आणि नवशिक्याच्या गळ्यात हमखास पडते. विमानाला ती नको. एक मीटर लांबीच्या, सरासरी ३० सेंटिमीटर घेराच्या धडाचे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर भरते. त्यावर चौरस मीटरला १६० ग्रॅमच्या कापडाचे दोन थर म्हणजे ९६ ग्रॅम काच आणि हात चांगला असेल तर तेवढेच रेझिन; एकूण १९० ग्रॅमच्या आसपास. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एकच थर घेतला तर काच १३५ ग्रॅम, पण मॅट आपल्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पिते आणि धड ४०० ग्रॅमच्या पुढे जाते. शिवाय शेपटाकडचे वजन तोलायला नाकात त्याच्या काही पट शिसे भरावे लागते. त्यामुळे पंखाच्या बुडाशी आणि चाकांच्या जागी जादा तुकडे लावावेत, शेपटाकडे मात्र हात आखडता घ्यावा. सर्वांत बाहेर ५० ग्रॅमचे बारीक कापड घातले तर विणीची खूण रंगातून दिसत नाही.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते आणि लवकर धरते, पण आकसते, उग्र वासाचे असते आणि ठिसूळ होते. त्याचे कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नये, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच कॅटॅलिस्ट घालावे. धडासाठी इपॉक्सी घ्यावे. आपल्याकडे रुळलेल्या एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर या जोडीचे प्रमाण वजनाने १०० ला १०. ते ग्रॅमच्या काट्यावरच मोजावे. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवला तर धड कायमचे मऊ राहते. शंभर ग्रॅम मिश्रण कपात तसेच राहिले तर तापून धुरावते, म्हणून थोडे थोडे करून पसरट थाळीत घ्यावे. हातमोजे घालावेत आणि घासताना तोंडाला मास्क लावावा.

नाशिकचे हवामान इथे आडवे येते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो (निफाडकडे तर आणखी), आणि साधा हार्डनर पंधरा अंशांखाली जवळपास झोपी जातो. साचा खोक्यात ठेवून आत जुना पिवळा बल्ब लावला की काम भागते. पावसाळ्यात इपॉक्सीवर तेलकट साय धरते. ती पाण्याने धुऊन आणि घासून काढल्याशिवाय रंग किंवा दुसरा थर चिकटत नाही.

ओझरच्या एचएएलमधून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क १ ए हे लढाऊ विमान उडाल्यापासून कार्बनचे आकर्षण वाढणे साहजिक आहे. तेजसचे बहुतेक बाह्य कवच कार्बन फायबरचेच आहे. पण ते ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखाली आणि उष्णतेत पक्के होते. घरी ब्रशने चढवलेल्या कार्बनला तो फायदा मिळत नाही, त्यात कापड महाग. वर कार्बन रेडिओलहरी अडवतो, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरची अँटेना धडाबाहेर काढावी लागते. काच लहरी आरपार जाऊ देते. कार्बन घ्यायचाच तर शेपटाच्या बुडाशी दोन अरुंद पट्ट्या पुरेत. केव्हलार चिवट असते, पण घासले की पिंजते. ते फक्त आतून, पोट जमिनीवर घासते तिथे लावावे.

दोन्ही फाळे जोडताना आतल्या सांध्यावर अडीच सेंटिमीटर रुंदीची कापडाची पट्टी इपॉक्सीने बसवावी. शेपटाकडे हात पोचत नाही. तिथे लांब काडीला बांधलेला ब्रश वापरावा.

मामा
नाशिक